सायकल स्टँडवरून सुरू झालेलं नाटक

कॉलेजमध्ये फेस्टचे दिवस आले की कॅम्पसवर एक दृश्य हमखास दिसतं. काळे कुर्ते, जीन्स, कमरेला बांधलेली ओढणी, एकाच्या हातात डफ. पंधरा-वीस जण गोल करून उभे राहतात, टाळ्या वाजवत घोषणा देतात आणि कँटीनमधली मंडळी चहाचे कप घेऊन बाहेर येतात. याला आपण पथनाट्य म्हणतो. तुम्ही त्या गोलात कधीतरी उभे राहिला असाल. नाहीतर निदान मित्राला चिअर करायला तरी गेला असाल.

पण हे सगळं असंच का असतं, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? स्टेज का नाही? लाइट्स, सेट, मेकअप का नाही? नाटक वीस-पंचवीस मिनिटांतच का संपतं? एकच मुलगा आधी मालक, मग पोलीस, मग भाजीवाला का होतो? स्पर्धेचे नियम तसे आहेत म्हणून, असं उत्तर तुम्ही द्याल. मग ते नियम कुठून आले?

त्याचं थोडं उत्तर दिल्लीत आहे, १९७८ सालात. तेव्हा एका हौशी नाट्यगटातली तरुण मुलं खिशात पैसे नाहीत म्हणून अडून बसली होती. त्या गटात एक २४ वर्षांचा मुलगा होता. त्याचं नाव सफदर हाश्मी.

सफदरचं नाव तुम्ही ऐकलं असेल तर बहुतेक त्याच्या मृत्यूमुळे. नाटक करताना त्याच्यावर हल्ला झाला आणि तो गेला, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. ते खरंच आहे आणि ते विसरताही कामा नये. पण तो एक दिवस होता. त्याच्याआधी १५ वर्षं तो नाटक करत होता आणि ती १५ वर्षं आपल्याला फारशी माहीत नसतात. आज ती बघूया.

स्टीफन्सचा मुलगा

सफदरचा जन्म १२ एप्रिल १९५४ चा, दिल्लीचा. वडील हनीफ हाश्मी, आई कमर आझाद हाश्मी. लहानपण अलीगढ आणि दिल्लीत गेलं. घरात पुस्तकं आणि राजकारण भरपूर, पैसा मात्र बेताचाच. वातावरण डाव्या विचारांचं. पुढे तो दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात गेला. तिथून इंग्रजी साहित्य घेऊन बाहेर पडला आणि १९७५ मध्ये दिल्ली विद्यापीठातून एमए झाला.

आता जरा विचार करा. स्टीफन्समध्ये इंग्रजी शिकलेल्या मुलासाठी त्या काळात कोणते रस्ते मोकळे होते? सरकारी सेवा, प्राध्यापकी, बड्या कंपनीतली नोकरी, परदेश. कॉलेजच्या दिवसांतच सफदर विद्यार्थी चळवळीत ओढला गेला आणि तिथून नाटकात. 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघ. मुंबईत १९४३ मध्ये सुरू झालेली ही संस्था सत्तरच्या दशकापर्यंत बरीच थकली होती. दिल्लीतल्या इप्टाशी जोडलेल्या काही तरुणांनी १९७३ मध्ये वेगळा गट काढला, जन नाट्य मंच. सगळे त्याला 'जनम' म्हणतात. सफदर तेव्हा १९ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यातल्या एफवाय-एसवायवाल्यांच्याच वयाचा.

जनमचं सुरुवातीचं काम आजच्या पथनाट्यासारखं नव्हतं. ते चांगली लांबलचक, भरपूर पात्रांची नाटकं करायचे. सर्वेश्वर दयाल सक्सेना यांचं 'बकरी' हे त्यातलं एक. फरक एवढाच की हे प्रयोग शहरातल्या तिकीटवाल्या हॉलमध्ये होत नसत. कामगारांच्या वस्तीत, गावात, मैदानात तात्पुरता मंच उभारून ते व्हायचे. ज्यांना थिएटरमध्ये यायला वेळ नाही आणि पैसाही नाही, त्यांच्या दारात नाटक न्यायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

१९७५ च्या जूनमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. त्यावर या मुलांनी 'कुर्सी, कुर्सी, कुर्सी' हे छोटंसं नाटक बसवलं आणि दिल्लीच्या बोट क्लबच्या हिरवळीवर त्याचे प्रयोग केले. लोक थांबून बघायचे. त्याच महिन्यात आणीबाणी लागली आणि असलं नाटक करणं अशक्य झालं. सफदरने मास्तरकी धरली. गढवाल, काश्मीर आणि दिल्ली इथल्या विद्यापीठांत तो इंग्रजी शिकवत राहिला.

पैसे नाहीत, मग छोटं नाटक

१९७७ मध्ये आणीबाणी उठली. मंडळी पुन्हा जमली. जुन्या पद्धतीने मोठं नाटक उभं करायचं, कामगार संघटनांनी प्रयोग लावायचे, खर्च त्यांनी उचलायचा, असा त्यांचा हिशेब होता. पण संघटनांचीच कंबर मोडली होती. मंच, मांडव, ट्रक, लाइट्स एवढा खर्च करायला कोणाकडे पैसे नव्हते. नाटक हवंय, पण परवडत नाही, अशी गत.

तुमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाची ग्रँट कापली गेली तर काय होतं, ते आठवा. ग्रुपवर दोन-चार संतापाचे मेसेज पडतात, एखादं निवेदन जातं आणि त्या वर्षीचं नाटक गुंडाळलं जातं. जनमच्या मुलांनी उलटा विचार केला. मोठं नाटक परवडत नसेल तर छोटं करू. इतकं छोटं, की त्याला काहीच लागणार नाही. मंच नको, पडदा नको, वीज नको. चार-सहा नट आणि उभं राहायला जागा मिळाली की झालं.

ऐकायला सोपं वाटतं. पण तसं लिहिलेलं, त्यांना हवं तसं नाटक त्यांना मिळेना. मग स्वतःच लिहायला बसले.

विषय जवळच होता. दिल्लीला लागून गाझियाबादचा औद्योगिक पट्टा आहे. तिथल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या दोन मागण्या होत्या. सायकली लावायला स्टँड हवा आणि चहा मिळेल असं कँटीन हवं. बस्स. मालक तेवढंही द्यायला तयार नव्हता. कामगारांनी संप केला. सुरक्षारक्षकांनी गोळीबार केला आणि सहा कामगार मेले.

सायकल स्टँड आणि चहासाठी सहा माणसं. यावर नाटक कसं लिहाल तुम्ही? सहज सुचतं ते म्हणजे रडकी बायको, दुष्ट मालक, शेवटी मोठं भाषण. या मुलांनी काय केलं बघा. पाच-सहा नट गोलात येतात आणि एकमेकांना जोडून उभे राहतात. कोणाचा हात वर-खाली, कोणाचं डोकं मागे-पुढे, कोणी वाकून पुन्हा सरळ होतोय. तोंडाने घरघर, खटखट असे आवाज. बघता बघता माणसांचंच एक यंत्र तयार होतं. ते चालतंय, चालतंय आणि अचानक बंद पडतं. का बंद पडलं? त्याचाच एक भाग बाहेर येऊन बोलायला लागतो, आणि तो कामगार असतो. पुढे मालक येतो, रक्षक येतो, मागण्या येतात, गोळ्या येतात.

'मशीन' हे ते नाटक. जेमतेम तेरा मिनिटांचं. सेट परवडत नव्हता म्हणून नटांच्या शरीराचाच सेट झाला, आणि तोच त्या नाटकाचा अर्थही ठरला. यंत्र चालतं ते माणसांमुळे, ही गोष्ट कारखान्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागली नाही. त्याला ती समोर दिसली.

नोव्हेंबर १९७८ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये देशभरातल्या कामगार प्रतिनिधींची परिषद भरली होती. तिथे 'मशीन'चा प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी बोट क्लबवर मोठी सभा होती, तिथेही झाला. लाखाहून जास्त माणसांचा समुदाय आणि मधे ही मूठभर पोरं. प्रतिनिधींपैकी काहींनी नाटकाचे संवाद टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतले, गावी नेले आणि आपापल्या भाषेत बसवले. परवानगी, रॉयल्टी वगैरे काही नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर नाटक व्हायरल झालं, फक्त कॅसेटवर.

तो एक सीझन

इथे थांबले असते तर 'मशीन' हा एक किस्सा राहिला असता. पण त्यांनी पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक नाटकं काढली आणि माझ्या मते सफदरच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे.

जमीन हातातून गेलेला शेतकरी शहरात येऊन कामगार होतो, त्यावर 'गाँव से शहर तक'. अलीगढच्या दंगलीवर 'हत्यारे'. अलीगढ हे कुलपांचं शहर. दंगलीत कोणाचा धंदा बुडतो आणि कोणाचा फायदा होतो, हे त्या नाटकाने विचारलं. १९७९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या बसचं भाडं वाढलं. लगेच 'डीटीसी की धाँधली' तयार! ज्या प्रवाशांच्या खिशाला कात्री लागली होती, तेच प्रेक्षक. मार्च १९७९ मध्ये उत्तर भारतातल्या नोकरदार आणि कष्टकरी स्त्रियांची परिषद होती, तिच्यासाठी 'औरत'. बेकारीवर 'तीन करोड'. सगळं मिळून अर्धा डझन नाटकं, तीही वर्षभराच्या आत.

लक्षात घ्या, ही सगळी मुलं हौशी होती. कोणी शिकत होतं, कोणी नोकरी करत होतं. तालमी कामाच्या वेळा सांभाळून, प्रयोग सुटीच्या दिवशी किंवा कारखान्याच्या जेवणाच्या सुटीत. प्रयोग संपला की प्रेक्षकांपुढे चादर धरायची आणि त्यात पडतील ते पैसे घेऊन पुढच्या ठिकाणी निघायचं.

'औरत'बद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते आजही होतं. त्यात एकच अभिनेत्री आणि तिच्याभोवती पुरुष नट. तीच मुलगी होते, तीच बायको, तीच विद्यार्थिनी, तीच कारखान्यातली कामगार. घरात भावाला शाळेत पाठवायचं आणि हिला नाही, कॉलेजच्या वाटेवरची छेडछाड, घर आणि कारखाना अशी दुहेरी मजुरी, हे सगळं त्यात येतं. १९७९ मध्ये कारखान्याच्या गेटवर, समोर बहुतेक पुरुष असताना हे नाटक करणं म्हणजे आपल्याच प्रेक्षकाला आरसा दाखवणं होतं. मालकाविरुद्धच्या नाटकाला कामगार टाळ्या वाजवणारच. पण घरी गेल्यावर तू स्वतः कोण असतोस, हा प्रश्न त्याला विचारायला जास्त हिंमत लागते. जनमने तो विचारला. हे नाटक पुढे कितीतरी भाषांमध्ये गेलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे या. गोल का? तर चारही बाजूंनी माणसं जमतात, त्यामुळे एका दिशेला तोंड करून चालत नाही. कोणाकडे ना कोणाकडे पाठ होणारच, म्हणून नटाला सतत फिरावं लागतं. वेळ कमी का? कारण जेवणाची सुटी छोटी असते आणि शिफ्ट सुटलेल्या माणसाला घर गाठायचं असतं. आवाज मोठा का? माइक नाही आणि शेजारून ट्रक जातोय. कपडे सगळ्यांचे सारखे का? एकाच नटाला मालक आणि पोलीस दोन्ही व्हायचंय आणि कपडे बदलायला विंग नाही. प्रत्येक नियमामागे अशी एक अडचण आहे. आपल्याकडे आता अडचण राहिली नाही, नियम मात्र उरलेत.

याचा अर्थ पथनाट्य सफदरने शोधून काढलं, असा मुळीच नाही. आपल्याकडे तमाशा आणि लोकनाट्य घेऊन अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर ही मंडळी चाळीसच्या दशकातच कामगारांसमोर उभी होती. बंगालमध्ये बादल सरकार सत्तरच्या दशकात प्रोसिनियम सोडून अंगणात आणि मैदानात नाटक करत होते. सफदरला ही परंपरा माहीत होती. त्याने आणि जनमने त्यात दोन गोष्टी घातल्या. एक म्हणजे वेग. आज भाडं वाढलं की लगेच नाटक. दुसरी म्हणजे सातत्य. एकदा करून थांबायचं नाही.

नोकरी सोडणारा माणूस

सफदरने पोटासाठीही बरंच काही केलं. मास कॉमवाल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. तो काही काळ पीटीआय या वृत्तसंस्थेत आणि 'इकॉनॉमिक टाइम्स'मध्ये पत्रकार होता. नंतर दिल्लीत पश्चिम बंगाल सरकारचा माहिती अधिकारी झाला. चांगली, सुरक्षित नोकरी. १९८४ मध्ये त्याने ती सोडली आणि पूर्णवेळ कामाला लागला. तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

या काळात तो फक्त रस्त्यावरची नाटकं लिहीत होता असं नाही. मुलांसाठी कविता आणि नाटकं लिहिली, पोस्टर्स केली, टीव्हीसाठी लेखन केलं, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. जनमच्या नाटकांत पोस्टर, गाणी, विनोद, मस्करी भरपूर असायची. प्रचाराचं नाटक म्हणजे रुक्ष भाषण, असं त्याला कधीच वाटलं नाही.

यावर त्याची मतं ठाम होती. रस्त्यावरचं नाटक हे गरिबांसाठीचं दुय्यम नाटक आहे आणि म्हणून त्यात अभिनय, लेखन, रचना थोडी कच्ची असली तरी चालेल, हे त्याला मान्य नव्हतं. कामगाराला वाईट नाटक देणं हा त्याचा अपमान आहे, असा त्याच्या लिखाणाचा एकंदर सूर. त्याचबरोबर थिएटरमधलं नाटक म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असंही तो मानत नसे. दोन्ही लोकांचीच आहेत, असं त्याचं म्हणणं. त्याने गॉर्कीच्या 'एनिमीज'चं हिंदी रूपांतर केलं. १९८८ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवरून हबीब तन्वीर यांच्याबरोबर 'मोटेराम का सत्याग्रह' लिहिलं आणि जनमने ते रंगमंचावर केलं. स्टीफन्सवाला सफदर आणि छत्तीसगढच्या लोककलावंतांबरोबर काम करणारे हबीबसाब, अशी ती जोडी.

पथनाट्य करणाऱ्या आणि प्रायोगिक करणाऱ्या ग्रुपमध्ये तुमच्या कॉलेजात कधी खुन्नस असेल, तर हे त्यांना नक्की सांगा.

१ जानेवारी

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली आणि आसपासच्या कारखान्यांत सात दिवसांचा संप झाला. किमान वेतन वाढवा, ही त्यातली मुख्य मागणी. संपाच्या तयारीसाठी जनमने 'चक्का जाम' हे नाटक वस्त्यावस्त्यांत केलं. संप संपल्यावर त्यातच बदल करून 'हल्ला बोल' तयार केलं.

१ जानेवारी १९८९. गाझियाबादला नगरपालिकेच्या निवडणुकांचे दिवस होते. साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगार वस्तीत 'हल्ला बोल'चा प्रयोग होता. तो डाव्या पक्षाच्या उमेदवाराच्या पाठिंब्यासाठी लावला होता. रविवारची सकाळ. नाटक सुरू झालं आणि थोड्याच वेळात काँग्रेसचा पाठिंबा असलेला उमेदवार आपल्या माणसांसह तिथे आला. त्यांना जायला रस्ता हवा होता. थोडं थांबा नाहीतर बाजूने जा, असं सफदरने सुचवलं. त्यावरून हल्ला सुरू झाला. लाठ्या, लोखंडी सळ्या, बंदुका. नट आणि प्रेक्षक वाट फुटेल तिकडे पळाले. काही जण कामगार संघटनेच्या छोट्या कार्यालयात शिरले. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून सफदर दार धरून मागे राहिला. हल्लेखोरांनी त्याला बाहेर ओढलं आणि डोक्यावर सळ्यांनी मारलं. त्याच हल्ल्यात राम बहादुर नावाचा कामगार गोळी लागून ठार झाला. त्याचं नाव आपण बहुतेक वेळा विसरतो. विसरू नका.

२ जानेवारीला रात्री दिल्लीच्या रुग्णालयात सफदर गेला. वय ३४. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेत हजारो माणसं होती.

आणि मग ४ जानेवारी. सफदरची बायको आणि जनममधली त्याची सहकलाकार मोलोयश्री, जिला सगळे माला म्हणतात, ती आणि बाकीचा गट झंडापूरला परत गेले. तीच जागा, तेच नाटक. अर्ध्यावर तुटलेला 'हल्ला बोल'चा प्रयोग त्यांनी पूर्ण केला. नवरा जाऊन दोन दिवस झाले होते. समोर प्रचंड गर्दी होती.

या घटनेकडे आपण नेहमी धैर्य म्हणून बघतो आणि ते धैर्य होतंच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. ४ जानेवारीला नाटक होऊ शकलं, कारण ते एका माणसाचं नाटक नव्हतं. ते एकत्र बसून लिहिलेलं होतं, सगळ्यांना पाठ होतं आणि कोणाच्याही जागी दुसरं कोणीतरी उभं राहू शकत होतं. १५ वर्षं गटाने एकत्र काम करायची जी सवय लावून घेतली होती, ती त्या दिवशी उपयोगी पडली. लीड आजारी पडला म्हणून ज्यांचं नाटक रद्द होतं, त्यांनी या एका गोष्टीवर विचार करावा.

पुढे काय झालं

सफदर जाईपर्यंत जनमने २४ पथनाट्यांचे मिळून सुमारे ४,००० प्रयोग केले होते. गेल्यानंतरही गट थांबला नाही. आजही काम करतो. त्याच्या मृत्यूनंतर दिल्लीत लेखक-कलावंतांनी 'सहमत' ही संस्था उभी केली. १२ एप्रिल हा त्याचा वाढदिवस देशभर पथनाट्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला. २०१२ मध्ये त्याच तारखेला दिल्लीच्या शादी खामपूर भागात 'स्टुडिओ सफदर' ही छोटी जागा नाटकासाठी खुली झाली. आई कमर आझाद हाश्मी यांनी आपल्या मुलावर पुस्तक लिहिलं, 'पाँचवाँ चिराग'. खटला मात्र रेंगाळला. हल्ल्यातल्या दहा जणांना गाझियाबादच्या न्यायालयाने दोषी ठरवलं ते २००३ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी.

एक मराठी धागाही आहे. झंडापूरच्या त्या गोलात तरुण सुधन्वा देशपांडे होते. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' लिहिणारे नाटककार गो. पु. देशपांडे यांचे ते चिरंजीव. त्यांनी पुढे जनममध्येच काम केलं आणि २०२० मध्ये सफदरच्या मृत्यूवर आणि आयुष्यावर इंग्रजीत 'हल्ला बोल' नावाचं पुस्तक लिहिलं. लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. त्यात मृत्यूइतकंच, किंबहुना जास्तच, जगणं आहे.

आता राहिला तुमचा-माझा प्रश्न. सफदरच्या राजकारणाशी तुम्ही सहमत असाल किंवा नसाल. तो पक्षाचा कार्यकर्ता होता, त्याने ते कधी लपवलं नाही आणि त्याची नाटकंही बाजू घेऊन उभी राहायची. ती बाजू तुम्हाला पटलीच पाहिजे असं नाही. पण त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न कुठल्याही बाजूच्या माणसाला लागू आहे. हे नाटक मी कोणासाठी करतोय?

आपली पथनाट्यं बहुतेक वेळा परीक्षकांसाठी असतात. कचरा, पाणी, मोबाइलचं व्यसन, बेटी बचाओ. विषय चांगले असतात, पण समोर असतात शेजारच्या कॉलेजची टीम आणि टायमर घेतलेले तीन परीक्षक. करंडक मिळाला की नाटक संपतं. एकच प्रयोग, फार तर दोन. कचऱ्यावरचं नाटक सफाई कामगारांनी बघितलेलं नसतं आणि बसवरचं नाटक कंडक्टरने. त्यांनी बघितलं असतं तर कदाचित सांगितलं असतं, की बाबांनो, तुमचं हे चुकतंय.

करंडक सोडा असं मी म्हणत नाहीये. स्पर्धेमुळेच आपल्यातले कितीतरी जण पहिल्यांदा उभे राहतात. फक्त स्पर्धा झाली की त्याच नाटकाचे अजून चार प्रयोग लावा. एक एसटी स्टँडवर, एक आठवडी बाजारात, एक तुमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये काम करणाऱ्या मावशींसमोर, एक तुमच्या स्वतःच्या सोसायटीत. आधी परवानगी घ्या, वेळ त्यांना सोयीची ठेवा आणि नाटक झाल्यावर लगेच निघू नका. पाच मिनिटं थांबून त्यांना काय वाटलं ते ऐका. आणि विषय शोधायला लांब जाऊ नका. जनमला पहिला विषय सायकल स्टँडने दिला होता. तुमच्या कॉलेजच्या गेटबाहेरही असं काहीतरी असणारच, जे सगळ्यांना रोज दिसतं आणि ज्यावर कोणी काही बोलत नाही. तिथून सुरुवात करा.